तळ्याकाठचे बिऱ्हाड

पाऊस सरतो, भाताची कापणी उरकत येते, शाळांस दिवाळीची सुटी लागते, आणि घरोघरी एकच विषय निघतो : यंदा मुलांस कोठे न्यावयाचे? आपल्या वाडवडिलांस हा प्रश्न फारसा पडत नसे. तीर्थाची यात्रा हीच त्यांची सहल होती. बैलगाडीत गवत पसरावे, त्यावर सतरंजी अंथरावी, तांदूळ, सुकी मासळी आणि दोनचार भांडी बरोबर घ्यावीत, आणि वाटेत एखाद्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून रात्र काढावी. मुलांस चांदण्या मोजावयास मिळत, थोरांस दोन घटका बोलत बसावयास मिळे, आणि रात्रीची जपमाळ उघड्या आकाशाखाली होई.

आज त्याच हौसेने नवा वेष धारण केला आहे. शहरांतील कुटुंबे तंबू घेऊन तळ्याकाठी मुक्कामास जातात. कोणी त्याही पुढे जाऊन चाकांवरचे घरच भाड्याने घेतात. या गाडीस कॅरॅव्हॅन म्हणतात. तीत निजावयास बाके, स्वयंपाकास ओटा, पाण्याची टाकी, शौचकूप, सारे काही असते. ही कल्पना मूळची विलायतेतील. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश वैद्याने ब्रिस्टल येथील कारखान्यातून दोन घोड्यांनी ओढावयाची एक घरगाडी बांधवून घेतली आणि तीतून इंग्लंड-स्कॉटलंडचा लांबचा प्रवास केला. केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेली ही पहिली घरगाडी मानतात. पुढे मोटारी आल्या. अमेरिकेत सरकारी उद्यानांतील सरोवरांच्या काठी अशा गाड्यांसाठी खास तळ आखले गेले. तेथे नळ, वीज आणि मैल्याची टाकी रिकामी करण्याची सोय असते. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. तेव्हा ही हवा आपल्या वेशीपर्यंत आली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या नव्या हौसेस आम्ही नावे ठेवीत नाही. वर्षभर शेतात, वाडीत किंवा कारखान्यात राबणाऱ्या कुटुंबास चार दिवस मोकळी हवा मिळावी, हे योग्यच आहे. परंतु ज्या तळ्याकाठी आपण बिऱ्हाड मांडणार, त्या तळ्याचे पाणी कोण पितो? हा प्रश्न विचारल्यावाचून जो काठावर उतरतो, तो यजमानाच्या पिण्याच्या हंड्यात हात बुडविणाऱ्या पाहुण्यासारखा होय. या प्रश्नाचा उलगडा जेथे फार स्पष्ट होतो, अशा एका ठिकाणी, म्हणजे भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी, आम्ही आज वाचकांस नेत आहोत.

राजा भोजाचा बांध

मुंबईहून कल्याण, नाशिक, भुसावळ, इटारसी या मार्गाने आगगाडी भोपाळास पोहोचते. शहराच्या पश्चिमेस पाण्याचा जो अफाट विस्तार दिसतो, तो पाहून समुद्रकाठच्या माणसासही क्षणभर खाडीचा भास व्हावा. पण हे सरोवर निसर्गाने दिलेले नव्हे. ते माणसाने बांधलेले आहे. अकराव्या शतकात परमार वंशातील राजा भोज याने कोलांस नदीस मातीचा बांध घालून हे पाणी अडविले, अशी परंपरा आहे. तो बांध आजही उभा असून त्याच्यावर कमला पार्क नावाची बाग आहे. तलाव तुडुंब भरला म्हणजे त्याचा विस्तार सुमारे ३१ चौरस किलोमीटर होतो. आणि ज्या मुलखातून पावसाचे पाणी वाहत येऊन त्यास मिळते, तो मुलूख ३६१ चौरस किलोमीटरांचा आहे. बांधाच्या खालच्या अंगास १७९४ साली छोटे खान या दिवाणाने धाकटा तलाव करविला. १९६५ साली भदभदा येथे दरवाजांचे धरण झाले. पावसाळ्यात मोठा तलाव भरला की ते दरवाजे उघडतात, आणि ते पाहावयास सारे शहर लोटते. भोपाळचे लोक अभिमानाने म्हणतात की, ताल तो एक भोपाळचा, बाकीच्या नुसत्या तळ्या.

मराठी वाचकांस हे स्थळ इतिहासातून परिचित असेल. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीराव पेशव्यांनी निजामास भोपाळ येथेच कोंडले. निजामापाशी भारी तोफखाना होता. पण मराठी फौजेने बाहेरून रसद तोडली, आणि दाणावैरणीच्या टंचाईने त्याची छावणी बेजार झाली. १७३८ च्या जानेवारीत दोराहा सराई येथे तह झाला. छावणी केवढीही मोठी असो, ती भोवतालच्या मुलखाच्या अन्नपाण्यावरच जगते, हा धडा त्या प्रसंगात आहे. चार माणसांच्या तंबूसही तो तितकाच लागू पडतो.

काठावरचे वैभव

भोपाळास गेलेल्या कुटुंबाने दोन दिवस तरी या तलावाच्या काठी घालवावेत. पाणी आणि श्यामला टेकड्या यांच्यामध्ये वनविहार नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९८३ साली त्यास हा दर्जा मिळाला. त्याचा विस्तार सुमारे साडेचार चौरस किलोमीटर असून मधून तलावाच्या कडेने रस्ता जातो. एका हातास पाणी, दुसऱ्या हातास वन, अशा वाटेने पायी किंवा सायकलीवरून जाता येते. चितळ, सांबर, नीलगाय मोकळेपणी हिंडताना दिसतात. वाघ, अस्वल असे प्राणी प्रशस्त कुंपणांत ठेवलेले आहेत. त्यांपैकी अस्वलांची कथा मुलांस अवश्य सांगावी : नाकात वेसण घालून दारोदार नाचविली जाणारी कित्येक अस्वले सोडवून येथे आणली गेली, आणि त्यांस उरलेले आयुष्य शांतपणे घालविता आले.

टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. तेथे देशोदेशीच्या नव्हे, तर आपल्याच देशातील आदिवासी बांधवांची घरे, त्यांच्याच हातांनी बांधलेली, उघड्या माळावर मांडली आहेत. कुडाची भिंत, शेणाने सारवलेली जमीन, धान्याच्या कणग्या पाहून आपल्या आजीबाईंस आपलेच बाळपण आठवेल. शहराच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरांवर भीमबेटका येथील गुहा आहेत. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी संशोधकाच्या दृष्टीस तेथील खडकांवरील प्राचीन चित्रे पडली, आणि २००३ साली त्या स्थळाची जागतिक वारशात गणना झाली. खडकाच्या आडोशास शेकोटी करून राहणाऱ्या त्या आदिमानवास उघड्यावरच्या मुक्कामाचा पहिला गुरू म्हणावयास काय हरकत आहे?

हिवाळ्यात तलावावर परदेशी पाखरांचे थवे उतरतात. दर वर्षी वीस हजारांहून अधिक पक्षी येथे दिसतात. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांहून उंच असा सारस काठच्या शेतांत जोडीजोडीने चरतो. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी राष्ट्रांनी जो रामसर करार केला आहे, त्याच्या यादीत २००२ साली या दोन्ही तलावांचा ‘भोज पाणथळ’ या नावाने समावेश झाला.

करमणूक आणि तहान

येथपर्यंत सारे मनोहर आहे. परंतु या तलावाचे खरे महत्त्व त्याच्या शोभेत नाही. तो भोपाळ शहराचा पाण्याचा माठ आहे. अनेक पिढ्या या शहराने त्याच्यावर आपली तहान भागविली. आज कोलार धरणाचे व नर्मदेचे पाणीही शहरास मिळते. तथापि शहराच्या मोठ्या भागातील घरांत नळास येते ते पाणी अद्याप याच तलावाचे. २००९ च्या उन्हाळ्यात, पावसाने दगा दिल्यामुळे, तलाव आटून पार आक्रसला. तेव्हा हजारो नागरिकांनी कुदळ-फावडी हाती घेऊन श्रमदानाने त्याचा गाळ उपसला. ज्या पाण्यावर आपण नावा चालवितो तेच पाणी आपल्या मुलांच्या पेल्यात येते, हे त्या उन्हाळ्याने शहरास चांगलेच समजाविले असावे.

तरीही मोह सुटत नाही. या तलावात यांत्रिक नौका फिरत, मोठ्या जहाजवजा नावेतून संगीताच्या तालावर सफरी होत. यंत्राच्या नौकेतून तेल व वंगण पाण्यात झिरपते, तिच्या पंख्याने तळचा गाळ ढवळून वर येतो, आणि तिच्या आवाजाने पाखरे बुजतात. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आज्ञा दिली की, भोज पाणथळासारख्या जलाशयांत अशा यांत्रिक नौका चालवू नयेत. नावाड्यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला, आणि तो खोटा नव्हता. गरिबाची रोजी हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे. परंतु दुसऱ्या पारड्यात लक्षावधी माणसांचे पिण्याचे पाणी होते. वल्ह्याची नाव यंत्राच्या नावेइतकी वेगाने जात नाही हे खरे. पण तिच्यावर नावाड्याचे पोटही भरू शकते, आणि तिच्यामागे पाण्यावर तेलाचा तवंगही राहत नाही. करमणूक आणि तहान यांचा तंटा लागला तर निवाडा तहानेच्या बाजूने व्हावा, हे न्यायबुद्धीस पटण्यासारखे आहे.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक सर्व जगास उद्देशून लिहिले. पिण्याजोगे सुरक्षित पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, कारण त्यावाचून जीव जगत नाही, असे त्यांनी त्यात निक्षून सांगितले. त्या परिपत्रकाचे नाव असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या स्तोत्रावरून घेतलेले आहे. त्या संताने पाण्यास बहीण मानले. आणि योगायोग पाहा, भोपाळच्या महाधर्मप्रांताचे प्रमुख ख्रिस्तमंदिर याच संत फ्रान्सिसच्या नावाचे आहे.

मोशेची शिस्त

उघड्यावर मुक्काम करण्याची कला आपण विलायतेकडून शिकण्याचे कारण नाही. इस्राएली लोक चाळीस वर्षे रानात तंबूंत राहिले. पुढे कनान देशात पक्की घरे झाल्यावरही वर्षातून सात दिवस त्यांनी झाडांच्या डहाळ्यांचे मांडव घालून त्यांत राहावे, असा देवाचा नियम होता. आपण कोण होतो आणि आपणांस कोणी सांभाळले, हे घराच्या भिंतीआड माणूस विसरतो. मांडवाच्या फटीतून चांदणे दिसले की ते त्यास आठवते.

त्याच नियमशास्त्रात मोशेने आणखी एक आज्ञा दिली आहे. छावणीच्या बाहेर एक जागा नेमावी, प्रत्येकाने आपल्या हत्यारांबरोबर एक खुरपे बाळगावे, आणि बहिर्दिशेस गेल्यावर खड्डा करून तो मातीने बुजवावा. कारण परमेश्वर छावणीतून चालत असतो आणि त्याच्या दृष्टीस काही अमंगल पडू नये. हजारो वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या आरोग्यशास्त्राशी किती जुळतो, हे पाहून आश्चर्य वाटते. आज जाणते लोक सांगतात की, अशी जागा पाण्यापासून निदान २०० फूट, म्हणजे सुमारे सत्तर पावले, दूर असावी. ज्याने घरगाडी घेतली त्याने मैल्याची टाकी नेमलेल्या ठिकाणीच रिकामी करावी. अंधाराचा फायदा घेऊन ती ओढ्यात सोडणे हे, आमच्या मते, शेजाऱ्याच्या विहिरीत घाण टाकण्याइतकेच पाप आहे.

साबणाचेही तसेच. भांडी व कपडे तळ्यात धुऊ नयेत. पाणी बादलीत भरून दूर न्यावे, तेथे धुवावे, आणि सांडपाणी जमिनीत जिरू द्यावे. शेतातील खत, मैला आणि साबण यांतील द्रव्यांवर पाण्यातील शेवाळ व जलपर्णी माजतात. त्या कुजल्या की पाण्यातील प्राणवायू सरतो आणि मासे मरतात. पत्रावळ मातीत मिसळते. प्लास्टिकची पिशवी मिसळत नाही. येताना जेवढे सामान आणले तेवढे, रिकाम्या पुड्यांसकट, परत न्यावे.

तंबू कोठे ठोकावा?

मोकळी जागा दिसली की तंबू ठोकावा, असे भोपाळास चालत नाही. वनविहारात रात्री राहता येत नाही. ती जागा प्राण्यांची आहे. शहराच्या नैर्ऋत्येस केरवा व कलियासोत या जलाशयांचा परिसर रमणीय आहे खरा. पण त्या रानांत वाघांचा वावर आहे आणि कलियासोतच्या पाण्यात मगरी आहेत. तेव्हा दिवसा पाहावे, सूचनाफलक वाचावेत, आणि रात्री शहरातील विश्रामगृहात किंवा सरकारी परवानगीच्या तळावरच राहावे.

तंबूंची वस्तीच पाहावयाची असेल, तर त्याच राज्यात खंडवा जिल्ह्यात हनुवंतिया येथे जावे. नर्मदेवरील इंदिरा सागर धरणाच्या काठी २०१६ पासून हिवाळ्यात जलमहोत्सव भरतो व तंबूंचे गाव वसते. तेथे जाणाऱ्याने एक गोष्ट मात्र मनात ठेवावी. या धरणासाठी हरसूद नावाचे गजबजलेले गाव व कितीतरी खेडी २००४ साली रिकामी करावी लागली. लोकांनी आपल्या हातांनी आपल्या घरांच्या भिंती पाडल्या. ज्या पाण्यावर आपण विसावा घेतो त्याखाली कोणाची तरी चूल होती, हे जाणून तेथे एक प्रार्थना म्हणावी.

मुलांविषयी दोन शब्द. अनोळखी पाण्यात पोहणे सर्वथा वर्ज्य समजावे. वरून संथ दिसणाऱ्या तळ्याच्या तळाशी गाळ असतो, वेली असतात, आणि पाऊल टाकताच जमीन खोल गेलेली असते. नावेत बसताना तरंगते जाकीट घातल्याशिवाय पाय ठेवू देऊ नये. आपणांस पोहता येते या घमेंडीत मोठ्यांनीही ते टाळू नये. एक मोठे माणूस सतत पाण्याकडे पाहत बसलेले असावे, त्या वेळी त्याने हातात फोन घेऊ नये. शेकोटी परवानगी असेल तेथेच करावी, आणि निजण्यापूर्वी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत विझवावी.

आईचा विसावा

आता एक गोष्ट पुरुषमंडळींस सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांच्या सहली अशा होतात की, बाप नावेत बसतो, मुले खेळतात, आणि आई घरी जे करते तेच धुरात बसून अधिक कष्टाने करते. जिच्या वाट्यास विसावा येत नाही तिच्यासाठी ती सहल नव्हे, बदललेल्या जागेची वेठ होय. तळ्याकाठी पाणी आणणे, भांडी घासणे, भाजी चिरणे ही कामे पुरुषांनी व मुलांनी वाटून घ्यावीत. पुनरुत्थित प्रभूने गालीलाच्या सरोवराकाठी काय केले ते आठवा. रात्रभर जाळी ओढून थकलेले शिष्य काठास लागले, तेव्हा प्रभूने निखारे पेटवून मासळी व भाकर तयार ठेवली होती. स्वर्गाच्या राजाने चूल पेटविली. आपणांस कसला कमीपणा?

त्याच प्रभूने एकदा, शिष्यांस जेवावयासही सवड होईना तेव्हा, त्यांस तारवात बसवून एकांत स्थळी थोडा विसावा घ्यावयास नेले. विसावा ही चैन नव्हे, असे त्यावरून आम्ही समजतो. परंतु देवास घरी ठेवून गेलेल्यास विसावा लाभत नाही. सहल शनिवार-रविवारची असेल, तर निघण्यापूर्वीच चौकशी करून मिस्साची वेळ लिहून घ्यावी. भोपाळात ते कठीण नाही. १९६३ सालापासून तेथे महाधर्मप्रांत आहे. रात्री कंदिलाच्या उजेडात सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावी. शेजारच्या तंबूतील अन्यधर्मीय कुटुंबासही, त्यांस त्रास होणार नाही अशा मंद आवाजातील प्रार्थना आदरणीयच वाटेल.

आपल्या दारचे तळे

वाचक म्हणतील, घरगाडीचे भाडे आमच्या आवाक्यात नाही आणि भोपाळ फार लांब आहे. ठीक आहे. तळे मात्र लांब नाही. वसईच्या गावागावांत आपल्या पूर्वजांनी बावखले खोदली. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे, ते जमिनीत मुरून विहिरींस मिळे, आणि त्यावर वाड्या फुलत. आज कित्येक बावखले भराव घालून बुजविली गेली. उरली आहेत त्यांत कोणी कचरा लोटतो, कोणी गटार सोडतो. भोपाळच्या माणसाने हजार वर्षांपूर्वीचा बांध जपला, आणि आपण आजोबांनी खोदलेले बावखल बुजवावे काय? इतर जिल्ह्यांतील वाचकांनीही आपापल्या गावचे तळे, ओढा, सार्वजनिक विहीर यांकडे याच दृष्टीने पाहावे.

आमची सूचना अशी की, या सुटीत प्रत्येक धर्मग्रामातील दहा-पाच कुटुंबांनी मिळून एक दिवस जवळच्या तळ्याकाठी काढावा. सकाळी कुदळ-फावडी घेऊन काठ स्वच्छ करावा, दुपारी वनभोजन करावे, संध्याकाळी मुलांस पाखरे दाखवावीत, आणि जाताना पाहावे की, आपण आलो तेव्हा होते त्याहून ते पाणी थोडे तरी निर्मळ झाले आहे की नाही. पुढे कधी भोपाळचा योग आला, तर हीच सवय बरोबर न्यावी. ते पाणी भोपाळच्या कोणा आईच्या घागरीत जावयाचे आहे. तिला आपण कधी पाहणार नाही, पण देव तिला ओळखतो.